उंबांडा म्हणजे काळी जादू नव्हे

ब्राझीलच्या उंबांडा धर्माचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे ती काळी जादू ना?’ नाही. हे पुनःपुन्हा सांगावं लागतं याची चीड येते, कारण हा शिक्का पूजास्थानात नव्हे, पोलीस ठाण्यात घडला.

ब्राझीलने गुलामगिरी संपवली १८८८ मध्ये. दोनच वर्षांनी आलेल्या दंडसंहितेच्या कलम १५७ ने आत्म्यांशी संवाद, जादू, ताईत या साऱ्याला गुन्हा ठरवलं. पुढे कित्येक वर्षं रिओ दि जानेरोत आफ्रिकी वळणाच्या पूजास्थानांवर छापे पडत राहिले. जप्त केलेले ढोल, मूर्ती, माळा पोलिसांच्या संग्रहालयात गेल्या आणि ‘काळ्या जादूचा संग्रह’ याच नावाने १९३८ मध्ये सरकारी वारसायादीत नोंदल्या गेल्या. उंबांडा आणि कांदोंब्ले या दुसऱ्या आफ्रो-ब्राझिलियन धर्माच्या अनुयायांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०२० मध्ये त्या प्रजासत्ताक संग्रहालयात हलल्या.

उंबांडाच्या पूजास्थानात प्रत्यक्षात काय चालतं? पांढऱ्या कपड्यांतली माणसं, ढोल, गाणी. माध्यमाच्या अंगात ‘प्रेतु-वेल्यु’ येतो, म्हणजे गुलामीत म्हातारा झालेल्या माणसाचा आत्मा. तो बुटक्या स्टुलावर बसतो, पाइप ओढतो, समोरच्याचं दुखणं किंवा नोकरीची चिंता ऐकून घेतो, सतापाची डहाळी अंगावरून फिरवतो. याला ते सेवा म्हणतात. बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत.

‘पण एशु तर सैतान!’ एशु हा पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा परंपरेतला निरोप्या देव. त्याला सैतान ठरवलं ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. ती प्रतिमा इतकी भिनली की उंबांडातल्या एशूच्या काही मूर्तींनाही शिंगं आणि त्रिशूळ आले. मूर्तीवरून धर्माचा निवाडा करणाऱ्यांनी आधी हा इतिहास पाहावा.

पशुबळी? उंबांडाच्या अनेक पूजास्थानांत तो दिलाच जात नाही. कांदोंब्ले आणि उंबांडा एकच? नाही, कांदोंब्ले आफ्रिकी विधींना धरून राहतो, उंबांडात कॅथलिक संत, मूळनिवासींचे आत्मे आणि फ्रान्सच्या आलां कार्देकचा आत्मवाद मिसळले आहेत. फक्त गरीब कृष्णवर्णीयांचा धर्म? संशोधक डायना ब्राउन यांच्या १९८६ च्या अभ्यासात रिओच्या गोऱ्या मध्यमवर्गाचा मोठा वाटा दिसतो. १५ नोव्हेंबर १९०८ रोजी झेलिउ दि मोराइस यांनी धर्म स्थापला, ही कथा अनुयायांना प्रिय आहे आणि २०१२ च्या कायद्याने तो दिवस राष्ट्रीय उंबांडा दिनही झाला. पण ही स्थापनाकथा बरीच उशिरा रूढ झाल्याचं संशोधक एमेर्सन जुंबेली यांनी दाखवलं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला भुरळ घालणारा एक समज मात्र लवकर सुटणारा नाही: उंबांडाचं मूळ भारतात, संस्कृतात आहे. हा दावा १९४१ मध्ये रिओत भरलेल्या पहिल्या उंबांडा परिषदेतच मांडला गेला. त्याने हुरळून जाऊ नये. अंगोलाच्या किंबुंदु भाषेत ‘उंबांडा’ हा शब्द उपचारविद्येसाठी आहेच. परिषदेतल्या मंडळींना आपला धर्म प्रतिष्ठित करायचा होता आणि त्यासाठी आफ्रिकेचं ऋण पुसायचं होतं. भारताचं नाव त्या कामी वापरलं गेलं.