मालकीचे रान आणि तोडीचा हिशेब

जंगल म्हटले की महाराष्ट्रात सामान्यतः सरकारी राखीव वनांचे चित्र डोळ्यांसमोर येते. मेळघाट असो वा गडचिरोली, मालक सरकार आणि राखणदार वनखाते, ही व्यवस्था आपण गृहीत धरतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मात्र या समजुतीला छेद देतात. तेथील डोंगरउतारांवर जी झाडी दिसते, तिचा फार मोठा भाग शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर आहे. सरकारी वनांचे प्रमाण तेथे अत्यल्प आहे. भातशेतीला जोडून असलेली वरकस जमीन, तिच्यावरचा ऐन, किंजळ, खैर आणि जांभूळ, त्यांच्या कवळाने भाजली जाणारी दाढ, पेंढ्याबरोबर उपलब्ध होणारा चारा आणि घरासाठी लागणारे वासे, अशी ही शतकानुशतकांची एक परिपूर्ण अर्थव्यवस्था होती. रान हे तिच्यातील भांडवल होते आणि कवळ, जळण व लाकूड हे त्यावरचे व्याज होते.

ती व्यवस्था आता विस्कटली आहे. घरातील कर्ती माणसे मुंबईला गेली, पुष्कळ भातखाचरे पडीक राहिली, खतासाठी आणि जळणासाठी रानावर असलेला विसंबही कमी झाला. रान मात्र सामायिक सातबाऱ्यावर तसेच उभे राहिले. मग एखाद्या वर्षी लग्नकार्य, आजारपण किंवा घरदुरुस्ती निघते, भाऊबंदांची संमती गोळा केली जाते आणि दारी आलेल्या ठेकेदाराला अख्खे रान उक्त्या रकमेवर दिले जाते. चार-दोन आठवड्यांत डोंगर उघडा होतो आणि लाकडाच्या मोटारी मार्गस्थ होतात. या तोडीबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. तिच्यामागचे आर्थिक गणित मात्र क्वचितच तपासले जाते, आणि ते तपासल्याखेरीज तोडीची योग्य पद्धत कोणती या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

उक्त्या सौद्याचा तोटा

पहिली गोष्ट सौद्याच्या स्वरूपाची. रान उक्ते विकले की रक्कम आधीच ठरलेली असते. त्यानंतर ठेकेदाराने एक झाड अधिक तोडले तर त्याला त्यासाठी मजुरी आणि वाहतूक यांपलीकडे काहीही द्यावे लागत नाही. साहजिकच, ज्या झाडाच्या विक्रीतून मजुरी सुटते ते प्रत्येक झाड तो तोडतो. मग ते मनगटाएवढे का असेना. मालकाच्या दृष्टीने त्या कोवळ्या झाडाचे आजचे मोल नगण्य असले तरी भविष्यातील मोल मोठे असते. ते भविष्य सौद्यात कोठेच मोजलेले नसते. ठेकेदार दुष्ट असतो म्हणून रान सरसकट तोडले जाते, असे मानण्याचे कारण नाही. सौदाच असा आहे की त्यात सज्जनालाही तेच करावे लागेल.

दुसरी गोष्ट झाडाच्या वाढीची. झाडाच्या बुंध्याचा छेद हा घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, साठ सेंटिमीटर घेराचे एखादे झाड पंधरा वर्षांत नव्वद सेंटिमीटरचे झाले, तर घेर दीडपट झाला, परंतु छेद सव्वादोन पट झाला. उंचीतील वाढ बाजूला ठेवली तरी हा दर वर्षाला साडेपाच टक्के चक्रवाढीचा होतो. शिवाय, साठ सेंटिमीटरचे झाड जळाऊ म्हणून जाते आणि नव्वदचे इमारती म्हणून. घनफुटामागचा भाव या काळात दुप्पट झाला असे धरले, तर एकूण मोल साडेचार पट होते आणि परतावा वर्षाला दहा टक्क्यांच्या वर जातो. मालकाने हे झाड आज विकून रक्कम बँकेत ठेवली तर तिला एवढे व्याज मिळणे कठीण.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही पाहावा लागतो. नव्वद सेंटिमीटरचे तेच झाड मंदावून पुढच्या पंधरा वर्षांत केवळ एकशे पाच सेंटिमीटरपर्यंत पोचले, तर लाकडाची वाढ वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास राहते. अशा झाडाला तोडण्यात तोटा नाही. उलट त्याच्या सावलीत अडकलेल्या चार तरुण झाडांना उजेड मिळतो. तात्पर्य, रान तोडावे की राखावे, हा प्रश्नच सदोष आहे. कोणते झाड व्याज कमावते आहे आणि कोणते झाड थबकले आहे, हा खरा प्रश्न होय. मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनविदाने १८४९ मध्येच या हिशेबाची मांडणी केली होती आणि त्यात एका पिकाच्या उत्पन्नाबरोबर त्या जमिनीवर पुढे येणाऱ्या सर्व पिकांचे मोलही धरले होते. उक्त्या सौद्यात नेमके हे पुढचे मोल वगळले जाते.

पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

लाकूड काढण्याच्या ज्या पद्धती वनशास्त्राला ठाऊक आहेत, त्यांपैकी एकही सर्वत्र सारखी उपयोगी नाही. सरसकट तोडीत खर्च सर्वांत कमी आणि रोख रक्कम सर्वांत अधिक. सपाट जमिनीवर आणि तातडीने लागवड होणार असेल तर ती क्षम्यही ठरते. परंतु वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळणाऱ्या कोकणच्या उतारावर ती घातक आहे. जांभ्यावरचा मातीचा थर मुळातच पातळ असतो. तो एका-दोन पावसाळ्यांत वाहून वहाळात गेला की उघड्या कातळावर पुन्हा रान उभे राहणे दुरापास्त होते आणि मोकळी जागा रानमोडी व्यापून टाकते.

दुसरी पद्धत खुंटतोडीची. ऐन आणि किंजळ यांच्या खुंटांना जोमदार फुटवे येतात, ही निसर्गाची देणगीच म्हणावी लागेल. मुळे जिवंत राहिल्याने माती धरली जाते आणि बी रुजण्याची वाट पाहावी लागत नाही. कोकणची रानी अनेक तोडींनंतरही तग धरून राहिली ती या गुणामुळे. मात्र त्यासाठी तोड जमिनीलगत, धारदार हत्याराने आणि खुंटावर पाणी साचणार नाही अशी तिरकी घ्यावी लागते. साल सोलवटून चालत नाही. तोड पावसाळ्यापूर्वी संपली पाहिजे. पुढची दोन-तीन वर्षे गुरे आणि वणवा यांपासून राखण हवी आणि त्यानंतर दर खुंटावर एक किंवा दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढावे लागतात. यांपैकी काहीही न करता दर आठ-दहा वर्षांनी तेच रान पुन्हा तोडले की खुंट म्हातारे होतात, फुटवे क्षीण होतात आणि रानाचे झुडूप बनते. आज अनेक ठिकाणी दिसणारी खुरटी रानी ही या घाईची साक्ष होय.

यावरचा मध्यम मार्ग म्हणजे काही झाडे राखून केलेली खुंटतोड. हेक्टरी ठरावीक संख्येने सरळ, निरोगी आणि वेगवेगळ्या जातींची झाडे पुढच्या एक-दोन तोडींपर्यंत उभी ठेवायची. ती बी पुरवतात, सावली देतात आणि पुढे इमारती लाकूड म्हणून मोठा भाव मिळवून देतात. लहान मालकाला दर काही वर्षांनी जळणाचे उत्पन्न आणि पिढीतून एकदा इमारती लाकडाचे, असा दुहेरी लाभ त्यातून होऊ शकतो.

निवडक तोडीचे नाव आजकाल आदराने घेतले जाते, आणि तीव्र उताराच्या सदाहरित रानात तीच योग्यही आहे. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल परगण्यात आंरी बिओले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक झाड ठरावीक वर्षांनी मोजून, जेवढी वाढ तेवढीच तोड, अशी पद्धत रूढ केली. परंतु या पद्धतीचा प्राण मोजणीत आहे. मोजणीविना केलेली निवडक तोड म्हणजे उत्तम तेवढे नेणे आणि वाकडे, किडके तेवढे मागे ठेवणे. तसे दोन-तीनदा झाले की बी धरणारी झाडेच निकृष्ट उरतात. शिवाय ऐन आणि खैर यांना वाढीसाठी भरपूर उजेड लागतो. दाट छत्राखाली एक-एक झाड काढले तर त्यांची रोपे तग धरत नाहीत. तेथे लहान लहान तुकड्यांत, पाळीपाळीने आणि मधला पट्टा राखून तोड घेणे अधिक शहाणपणाचे. खैराचा काथ त्याच्या आतल्या तांबूस गाभ्यातून निघतो आणि कोवळ्या झाडात गाभा थोडा असतो. त्यामुळे कोवळा खैर विकणे हे मालकाचे दुहेरी नुकसान आहे.

पद्धत कोणतीही असो, काही बंधने समान आहेत. वहाळाच्या आणि झऱ्याच्या दोन्ही काठांची झाडी राखली पाहिजे. लाकूड ओढण्याची वाट उताराला सरळ छेदून न नेता वळणाने नेली पाहिजे. यंत्राने खणलेला सरळ रस्ता पहिल्याच पावसात ओहोळ बनतो. डोंगर ज्याचा, झरा मात्र खालच्या वाडीचा असतो. वर झालेल्या तोडीची किंमत एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी वणवण करणारी वाडी मोजते आणि ती ना मालकाच्या हिशेबात येते, ना ठेकेदाराच्या. समाजाने तोडीत हस्तक्षेप करावा, याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

कायदा काय शिकवतो?

हस्तक्षेप झालाच नाही असे नाही. महाराष्ट्रात झाडतोडीचे विनियमन करणारा कायदा १९६४ पासून आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस अशा अनुसूचित झाडांच्या तोडीस त्याअन्वये परवानगी लागते. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने त्या वर्षीच्या ३० ऑगस्टपासून खासगी वने शासनाकडे निहित झाली. लहान धारकांना जमीन परत देण्याची तरतूद पुढे दुरुस्तीने आली. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वनच, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने, दशकांपूर्वीच्या नोटिशींच्या आधारे जमिनी वन ठरवण्याच्या शासनाच्या पवित्र्याला नकार दिला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीस मनाई केली.

या तरतुदींनी बेबंद तोडीला काही प्रमाणात लगाम घातला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांतून मालकाला मिळालेला धडा वेगळाच आहे. रान दाट झाले की ते वन ठरेल, वन ठरले की हात बांधले जातील, म्हणून ते दाट होऊच न द्यावे, हा तो धडा. गोव्यात खासगी वन ओळखण्याचे निकष पाच हेक्टर सलग क्षेत्र, पंचाहत्तर टक्के वनवृक्ष आणि ०.४ इतकी छत्राची घनता असे आहेत. निकष असायलाच हवेत. पण झाडी राखणाऱ्याच्या वाट्याला केवळ निर्बंध आणि ती काढून काजू किंवा रबर लावणाऱ्याच्या वाट्याला निर्वेध उत्पन्न येत असेल, तर शहाणा मालक काय निवडेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. शिवाय परवानगी झाडागणिक आहे. तोडीनंतर त्या जमिनीवर काय उगवले, हे पाहायला कोणी जात नाही.

याउलट स्वीडनने १९०३ च्या कायद्यात तोडीनंतर रान पुन्हा उभे करण्याची जबाबदारी टाकली. तेथील जवळपास निम्मी वनजमीन खासगी व्यक्तींच्या हाती आहे. फिनलंडने २०१४ पासून मालकाला सरसकट तोडीऐवजी विविध वयांची झाडे राखून तोड घेण्याची मोकळीक दिली. त्या देशांची वने, हवामान आणि जमीनधारणा कोकणाहून सर्वस्वी भिन्न आहेत. त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. सरसकट तोडीचे प्राबल्य तेथेही वादग्रस्त आहेच. पण दृष्टिकोनातील फरक लक्षणीय आहे. तेथे कायद्याची नजर तोडीनंतर काय उभे राहते यावरही असते.

कोकणापुरता बोध घ्यायचा तर तो तीन गोष्टींत सांगता येईल. एक, उक्ता सौदा बंद होऊन मोजमापावरचा सौदा रूढ झाला पाहिजे. तोडायच्या झाडांवर मालकाने आधी खूण करावी, घेर मोजून यादी करावी आणि खूण नसलेल्या झाडाच्या तोडीबद्दल दंडाची अट लेखी घालावी. दोन, एकेका मालकाचा तुकडा लहान असल्याने वाडीतील मालकांनी मिळून दहा-पंधरा वर्षांचा आराखडा करावा. दर वर्षी एका तुकड्यात तोड आणि उरलेल्यांत राखण, अशी पाळी लावली की सर्वांना आलटून पालटून उत्पन्न मिळते. अशा आराखड्याला एकदाच मंजुरी देऊन झाडागणिक परवान्याच्या जाचातून त्यांची सुटका करणे शासनाला अशक्य नाही. तीन, झरे राखणाऱ्या मालकाला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, कारण त्याने सोडून दिलेले उत्पन्न खालच्या वाडीच्या विहिरीत पाणी होऊन उतरते.

यांतील कोणतीही गोष्ट सामायिक सातबाऱ्याच्या गुंत्यातून वाट काढल्याखेरीज होणार नाही, हे खरे. वीस हिस्सेदारांपैकी पंधरा मुंबईत असतील तर खूण करायला डोंगर चढणार कोण? ठेकेदाराचे बळ याच प्रश्नात आहे. तो दारी येतो, रोख देतो आणि सगळी उस्तवार स्वतः करतो. मालकांची सहकारी संस्था तेवढी सोय देऊ शकली तरच तिला टिकाव आहे. देवराया राखणाऱ्या गावांना सामुदायिक शिस्त नवी नाही. मात्र तेथे श्रद्धेने जे साधले ते मालकीच्या रानात हिशेबानेच साधावे लागेल. पंधरा वर्षे थांबणाऱ्याला आज विकणाऱ्यापेक्षा अधिक मिळते, हे त्याला कागदावर दिसले आणि ते मिळेपर्यंत रान त्याचेच राहील याची खात्री वाटली, तर कुऱ्हाड कोठे चालवायची हे कोकणातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज उरणार नाही.