शंभरनं हाणली तर किती मिनिटं वाचतात?

"नऊला गेट बंद होतंय, पण टेन्शन नको, शंभरनं हाणतो!" साताऱ्याहून सांगलीला भरतीचा पेपर द्यायला निघालेल्या पोरांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. कराड, पेठ नाका, आष्टा करत अंतर धरा साधारण १२० किलोमीटर. पेपरात 'काळ, काम, वेग' असतोच. गंमत म्हणजे तोच प्रश्न आपण वाटेत गाडीवर सोडवत असतो, आणि बहुतेक वेळा चुकवतो.

आठवीतलं व्यस्त चलन आठवतंय? एक वाढलं की दुसरं कमी होतं, एवढंच डोक्यात राहिलेलं असतं. पण तेवढ्यानं भागत नाही. गाडी पुढं जाईल तसं सांगलीचं अंतर कमी होतं, हे काही व्यस्त चलन नव्हे. तिथं कापलेलं आणि उरलेलं अंतर यांची बेरीज कायम राहते. व्यस्त चलनात गुणाकार कायम राहावा लागतो. एक दुप्पट झालं तर दुसरं बरोबर निम्मं. आपल्या प्रवासात वेग गुणिले वेळ म्हणजे १२०, हे काही केल्या बदलत नाही.

आता हिशेब करा. ताशी ४० नं गेलात तर तीन तास. ६० नं दोन, म्हणजे अख्खा तास वाचला. ८० नं दीड तास, वाचला अर्धा तास. १०० नं एक तास १२ मिनिटं, वाचली १८ मिनिटं. १२० नं एक तास, वाचली फक्त १२. दर वेळी वेग वाढवला २० नंच, फायदा मात्र आटत गेला. आलेख काढून बघा: आधी कडा, मग जवळजवळ पठार.

ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. ८० वरून १०० वर गेलात की ते दीडपटीहून जास्त होतं. पुढं मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल, तर त्या १८ मिनिटांची किंमत काय, ते तुम्हीच ठरवा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीला कमाल ८० चीच मुभा आहे.

वेळ खरा जातो तो संथ तुकड्यात. समजा, कराड-मलकापूरच्या कोंडीत १० किलोमीटर ताशी २० नं रांगलात. अर्धा तास तिथंच गेला. आता दीड तासात पोचायचं तर उरलेले ११० किलोमीटर तासाभरात, म्हणजे न थांबता ताशी ११० नं! अर्धा तास आधी निघालेला ७४ च्या आसपास आरामात जातो, आणि गेटवर चहा पिऊन उभा असतो.

जाता जाता एक परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. जाताना ताशी ४०, येताना ६०, तर सरासरी वेग किती? ५० वर टिक केलीत? जायला तीन तास, यायला दोन. २४० किलोमीटर पाच तासांत. उत्तर ४८. संथ वेगानं तुमचे तास जास्त खाल्ले ना, म्हणून सरासरीही त्याच्याच बाजूला झुकली.