संपादकाचें आसन

गेल्या वर्षीं शाळेंत पालकांची सभा भरली होती. सभा आटोपल्यावर एका शेतकरी गृहस्थांनीं आम्हांस बाजूला घेऊन विचारलें, “मास्तर, पोराला वर्तमानपत्रांत लिहिण्याचा नाद लागला आहे. पण त्यांत भाकर आहे काय?” प्रश्न सरळ होता, आणि त्याचें उत्तरहि सरळच द्यावयास पाहिजे होतें, परंतु त्या दिवशीं तें आमच्यानें नीट देववलें नाहीं. म्हणून आज ह्या वार्षिकांत एका संपादकाचा जीवनक्रम वाचकांपुढें ठेवीत आहों.

हे संपादक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ‘केसरी’चे लोकमान्य टिळक ते हे नव्हत, हें विद्यार्थ्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. फुलामुलांचे कवि म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहेत. पण आयुष्याचीं अखेरचीं सात वर्षें त्यांनीं ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचें संपादन केलें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशननें सन १८४२ मध्यें अहमदनगर येथें काढलें. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघाल्यास तेव्हां अवघीं दहा वर्षें झालीं होतीं. धर्मविचाराबरोबर सृष्टिज्ञान, शिक्षण व देशोदेशींच्या वार्ता ह्यांनाहि त्यांत स्थान होतें. प्रारंभीं मासिक असलेलें हें पत्र पुढें साप्ताहिक झालें आणि शतकाहून अधिक काळ चाललें. मराठींत इतकें दीर्घायुष्य फार थोड्या नियतकालिकांस लाभलें आहे.

आतां संपादकाचें काम म्हणजे काय, हें पाहूं. वर्तमानपत्राचा गाडा दोन चाकांवर चालतो. एक चाक व्यवस्थापकाचें: कागद, छपाई, वर्गणी, टपाल आणि जमाखर्च. दुसरें संपादकाचें: काय छापावें, काय छापूं नये, आणि जें छापावयाचें तें कोणत्या शब्दांत. टिळकांच्या काळीं शिशाचे खिळे एक एक करून हातानें जुळवीत. एक ओळ बदलावयाची, तर जुळाऱ्यास पुढचे खिळे पुन्हां सरकवावे लागत. म्हणून शब्द लेखणींतून उतरण्यापूर्वींच तोलून घ्यावा लागे. दिवस मात्र कोणासाठीं थांबत नसे. ठरल्या वारीं अंक निघालाच पाहिजे, मग संपादकाच्या घरीं सुख असो वा दुःख.

ह्या आसनावर टिळक सहज येऊन बसले नाहींत. सन १८६१ मध्यें कोंकणांतील करजगांव येथें ब्राह्मण कुळांत त्यांचा जन्म झाला. बाळपणींच आई वारली. पुढें नाशिकास राहून त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. नागपुरास असतां धर्मविषयक चर्चेसाठीं ‘ऋषि’ नांवाचें मासिक त्यांनीं चालविलें. सन १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती त्यांनीं बारकाईनें वाचली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

ह्या निर्णयाची किंमत त्यांना एकट्यालाच द्यावी लागली नाहीं. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें त्या त्यांच्याकडे आल्या, आणि सन १९०० मध्यें स्वतःच्या विचारानें त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. त्या काळाचें दुःख त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’मध्यें हंसत हंसत सांगितलें आहे. पतीचे गुण सांगतांना त्याचे दोषहि त्या झांकीत नाहींत. खरें बोलण्याचा हा धडा कोणत्याहि संपादकानें त्यांच्यापासून घ्यावा.

टिळक सन १९०४ मध्यें पाळक झाले आणि सन १९१२ मध्यें ‘ज्ञानोदया’चे संपादक. पत्र मिशनचें होतें. वाचकांत ख्रिस्ती होते व हिंदूहि होते. आणि स्वतः टिळकांचें मन असें कीं, ख्रिस्ताची भक्ति ह्या देशाच्या वाणींतच व्हावी, अभंगांतून आणि कीर्तनांतून व्हावी. मालकाचें ऐकावें, वाचकांस दुखवूं नये, आणि आपल्या विवेकाशींहि प्रामाणिक राहावें, ही तारेवरची कसरत प्रत्येक संपादकास करावी लागते. टिळकांनीं सन १९१७ मध्यें मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठीं त्याचें दार उघडें होतें. लेखणी मात्र त्यांनीं खालीं ठेविली नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस देहावसान होईपर्यंत संपादकपद त्यांच्याकडेच होतें.

नव्या लेखकांस हात देणें हेंहि संपादकाचें काम. बालकवि ठोमरे ऐन तारुण्यांत अहमदनगरास टिळकांच्या घरीं राहिले. त्या घरांत त्यांना माया मिळाली, आणि त्यांची कविता त्यांचीच राहिली. हें वाचतांना आम्हांस आमची एक चूक आठवते. शाळेच्या हस्तलिखितासाठीं एका मुलानें कपाशीच्या वेंचणीवर कविता दिली होती. आम्हीं ती इतकी ‘शुद्ध’ केली कीं, मुलगा म्हणाला, “सर, ही आतां माझी नाहीं.” त्यानें पुन्हां कविता दिली नाहीं. दुरुस्ती कोठें थांबवावी, हें आम्ही त्या मुलापासून शिकलों. पण तोंवर उशीर झाला होता.

आमचें वडनेर भोलजी मलकापूर-नांदुऱ्याच्या हमरस्त्यावर आहे. जगाच्या वार्ता पूर्वीं ह्या वाटेनें कागदावरून येत. आज त्या हातांतील मोबाइलवर क्षणांत येतात, आणि बोटाच्या एका स्पर्शानें पुढें जातात. म्हणजे मुलांनो, तुमच्यांतील प्रत्येक जण आज लहानसा संपादकच झाला आहे. खिळे जुळवावे लागत नाहींत, म्हणून शब्द तोलावा लागत नाहीं असें मात्र समजूं नका. बातमी कोणी दिली, ती खरी कशावरून, आणि तिनें कोणाचें घर तर जळणार नाहीं ना, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून ती पुढें पाठवूं नये.

आणि त्या पालकांस आमचें उत्तर असें: ह्या धंद्यांत भाकर आहे, पण ती कधीं कोरडी असते. टिळकांनीं संपत्ति मागें ठेविली नाहीं. आपला मुलगा खरें लिहावयास, आणि चुकल्यास तें कबूल करावयास तयार असेल, तर त्याला अडवूं नका. तयार नसेल, तर त्यानें दुसरी कोणतीहि वाट धरावी. परंतु सत्याची गरज त्याला त्या वाटेवरहि लागेलच.