संगणकाची हजेरी

मुलांनो, सकाळी शाळेत प्रार्थना झाली की पहिलं काम कोणतं? हजेरी! बाई नाव घेतात, तुम्ही "हजर" म्हणता. एखाद्याचं उत्तर आलं नाही, तर बाई मान वर करून पाहतात. तुम्हांला ठाऊक आहे का, आपला संगणकही बटण दाबल्याबरोबर अगदी हेच करतो? मी हे पुस्तकात वाचलं होतं. पण खरं कळलं ते २०२४च्या उन्हाळी सुट्टीत, आमच्या माजघरातल्या टेबलावर!

झालं असं. माझा भाचा तेव्हा नववीतून दहावीत जाणार होता. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांच्या छोट्या फिल्म बनवायच्या, हा त्याचा नाद. हे काम करणाऱ्यांत ॲपल कंपनीच्या मॅक संगणकाचं मोठं नाव. पण त्याची किंमत ऐकून घरातले सगळे गप्प झाले! आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नातवासाठी तीस हजार रुपये बाजूला ठेवले होते. एसटीचं स्टिअरिंग धरण्यात सारी हयात गेलेल्या माणसाचे ते पैसे. त्यात मॅक कुठून येणार?

एके दिवशी भाचा धावतच आला. "मावशी, मॅक विकत घ्यायचाच कशाला? सुटे भाग आणून आपणच संगणक जोडू आणि त्यात मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम टाकू. लोक करतात असं. त्याला हॅकिंटॉश म्हणतात!"

आता मी पडले डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवणारी. संगणकाचं पोट मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. पण म्हटलं, मुलांना रोज 'शिका, शिका' म्हणते, तर आपणही शिकावं की!

सात जणांचा वर्ग

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही अशा सुट्या भागांची प्रसिद्ध ठिकाणं. आम्ही पुण्याला गेलो. काही भाग नवे घेतले, काही जुने पण चालू स्थितीतले. मॉनिटर आणि कीबोर्ड घरात होतेच.

मदरबोर्ड म्हणजे वर्गाची खोली. सगळे हिच्यातच बसतात. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा. रॅम म्हणजे फळा. काम चालू असेपर्यंत लिहायचं, वीज गेली की पुसलं! एसएसडी म्हणजे कपाट. तिथं ठेवलेलं तसंच राहतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रकलेचे सर. भिंतीतली वीज प्रत्येकाला हवी तेवढी वाटून देतो, तो एसएमपीएस. आणि या सगळ्यांना पोटात घेणारा डबा म्हणजे कॅबिनेट. झाले सात!

जोडणी करताना आम्ही काही नियम पाळले. वायर भिंतीतून काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. कोणत्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या लोखंडी पत्र्याला हात लावायचा. अंगावर साठलेली स्थिर वीज त्यामुळं निघून जाते, नाहीतर एवढ्याशा ठिणगीनंही नाजूक भाग बिघडू शकतो. प्रोसेसर जोर लावून बसवायचा नाही; खुणा जुळल्या की तो आपोआप जागेवर बसतो. त्याच्यावर तुरीच्या डाळीएवढी विशिष्ट पेस्ट लावायची, म्हणजे त्याची उष्णता वरच्या पंख्याच्या पट्टीकडं नीट जाते. आणि एसएमपीएसची पेटी तर कधीही, कध्धीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्या आत धोकादायक वीज साठून राहिलेली असते, बरं का!

पडदा काळाच!

संध्याकाळी सगळं जोडून झालं. आजोबा खुर्ची ओढून बसले. भाच्यानं बटण दाबलं. पंखे गरगरा फिरले, दिवे लागले आणि... पडदा काळाच!

माझ्या पोटात गोळा आला. तीस हजारांतले बहुतेक पैसे त्या डब्यात होते. भाचा रडवेला झाला. आजोबा मात्र शांत. म्हणाले, "गाडी चालू झाली नाही, तर आधी डिझेल बघायचं. एकदम इंजिन उतरवायचं नाही."

मग आम्ही वही घेतली. नियम केला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. मॉनिटरची वायर बदलली. पडदा काळाच. ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं. काळाच. प्रोसेसरला वीज देणारी वायर तपासली. ती ठीक होती. शेवटी रॅमच्या पट्ट्या काढल्या आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन पुन्हा बसवल्या. या वेळी 'कट्' असा आवाज आला. आदल्या वेळी तो आलाच नव्हता! बटण दाबलं आणि पडदा उजळला.

इथं मला हजेरी आठवली. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला पूर्वी बायोस म्हणत, आता त्याचा नवा प्रकार यूईएफआय असतो. तो एकेकाला विचारतो, प्रोसेसर? हजर. रॅम? हजर. आमची रॅम नीट बसलेलीच नव्हती, म्हणून ती 'हजर' म्हणाली नाही आणि शाळा भरलीच नाही!

दुभाष्या हवाच

हजेरी झाली की कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातो. तिला मुख्याध्यापक समजा. तुम्ही गाणं लावा म्हटलं, की कोणत्या भागानं काय करायचं ते ती ठरवते. पण प्रत्येक भागाची बोली वेगळी. म्हणून लागतो दुभाष्या, त्याचं नाव ड्रायव्हर. दुभाष्या नसेल, तर भाग धडधाकट असूनही मुक्याचा मुकाच!

मॅकची सिस्टिम बनवताना ॲपल आपल्याच संगणकांसाठी दुभाषे लिहिते. त्यामुळं हॅकिंटॉश करणाऱ्याला भाग पारखून घ्यावे लागतात. उदाहरणार्थ, २०१८ साली मॅकची मोहावे आवृत्ती आली, तिच्यात एनव्हिडिया कंपनीच्या तेव्हाच्या नव्या ग्राफिक्स कार्डांना दुभाष्याच मिळाला नाही. महागडं कार्ड, पण उपयोग शून्य!

खोटी हजेरी

पण मॅकची सिस्टिम परक्या संगणकावर मुळात चालते तरी कशी? जून २००५मध्ये ॲपलनं जाहीर केलं, की आपण यापुढं इंटेलचे प्रोसेसर वापरणार. जानेवारी २००६मध्ये असे मॅक बाजारात आले. म्हणजे मॅक आणि साधा संगणक यांचा मेंदू आता एकाच जातीचा झाला! मग हौशी लोकांनी खटपट सुरू केली.

मॅकची सिस्टिम सुरू होताना एक पडताळणी करते. खऱ्या मॅकमधल्या एका चिपकडून ठरावीक उत्तर आलं, तरच ती पुढं जाते. त्या पडताळणीच्या फाइलचं नावच मुळी 'मॅक ओएस एक्स चोरू नका' अशा अर्थाचं आहे! हौशी लोक काय करतात? ओपनकोअरसारखा एक प्रोग्रॅम आधी सुरू करतात. सिस्टिम विचारते, "तू ॲपलचा संगणक का?" आणि तो खुशाल सांगतो, "हो, हजर!"

वर्गात कुणी गैरहजर मित्राच्या नावाला "हजर" म्हणतं ना, अगदी तसंच!

भाच्याला यात नुसती हुशारी दिसत होती. आणि ती आहेच, यात शंका नाही. पण मी त्याला सिस्टिमचा करार मोठ्यानं वाचायला लावला. आपण एरवी न वाचताच 'मान्य' दाबतो, तो करार. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, की ही सिस्टिम फक्त ॲपलच्याच संगणकावर वापरायची.

"पण मावशी, संगणक आपल्या पैशांचा. मी तो विकणार थोडाच आहे?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अमेरिकेतल्या सायस्टार नावाच्या कंपनीनं २००८पासून असे संगणक विकायला सुरुवात केली, तेव्हा ॲपल कोर्टात गेली आणि २००९मध्ये निकाल सायस्टारच्या विरुद्ध लागला. पण ती विकणारी कंपनी होती, हा घरात बसून शिकणारा मुलगा.

बोलले ते आजोबा. "गाडी स्वतःची असली, तरी परमिट नसलेल्या रस्त्यावर धंदा करता येत नाही, हे झालं एक. पण ते सोड. तू म्हाताऱ्या माणसांचं खरं बोलणं फिल्ममध्ये धरून ठेवतोस. आणि ज्या यंत्रावर ते करणार, ते रोज सकाळी उठून खोटं बोलणार. तुला चालेल?"

भाचा उठून गच्चीवर गेला. दोन दिवस तो धड जेवलाही नाही.

'चालत नाही' तीन प्रकारचं

तिसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. त्यानं तीन रकाने आखले होते. "मावशी, 'या संगणकावर ही सिस्टिम चालत नाही' असं लोक म्हणतात, पण त्याचे तीन अर्थ आहेत."

पहिला अर्थ, दुभाष्या नाही म्हणून चालतच नाही. दुसरा, चालेल, पण बिघडलं तर कंपनी जबाबदार नाही. तिसरा, चालेल, पण चालवायची परवानगी नाही. पहिला प्रश्न कौशल्याचा, दुसरा धाडसाचा, तिसरा सचोटीचा!

दुसऱ्या अर्थाचं त्यानं शोधलेलं उदाहरण तर फारच गमतीचं होतं. ॲपलनं २०२०मध्ये स्वतःच्या प्रोसेसरचे मॅक आणले. त्या मॅकवर दुसरी सिस्टिम घालायला ॲपलनं दार मोकळं ठेवलं, पण आतल्या भागांची माहिती काही दिली नाही. तेव्हा काही अभियंत्यांनी त्या भागांचं वागणं निरखून स्वतःच दुभाषे लिहिले आणि मार्च २०२२मध्ये त्यावर चालणाऱ्या लिनक्सची पहिली चाचणी आवृत्ती दिली. तिचं नाव असाही लिनक्स! 'असाही' हे मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचं जपानी नाव. आपण मराठी माणसं मात्र म्हणणार, "लिनक्स असाही असतो!"

लिनक्सची सुरुवात १९९१मध्ये झाली. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपल्या घरच्या संगणकासाठी ती लिहायला घेतली. तिचा परवाना मॅकच्या अगदी उलट आहे. कोणत्याही संगणकावर घाला, आत उघडून पाहा, बदला, मित्राला द्या! केरळातल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. आपल्या देशातल्या सी-डॅक संस्थेनंही बॉस नावाचं लिनक्स तयार केलं आहे.

आम्ही लिनक्स मिंट घेतलं. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं, मग संगणकात घातलं. सगळं लगेच सुरळीत झालं का? छे! वायफाय मुकं. दुभाष्या नाही. इंटरनेट नाही म्हणून दुभाष्या मिळेना आणि दुभाष्या नाही म्हणून इंटरनेट मिळेना! शेवटी मोबाइल वायरनं जोडला, त्याचं इंटरनेट घेतलं आणि दुभाष्या उतरवून बसवला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पहिली फिल्म आम्ही त्यावर जोडली, ती आजोबांची. विषय होता घाटातली एसटी.

आणि मॅकची सिस्टिम? २०२५मध्ये आलेली टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, असं ॲपलनंच जाहीर केलं. म्हणजे हॅकिंटॉशची वाटही पुढं बंदच होत चालली आहे.

शाळेतले दोन म्हातारे

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची देखभाल कंपनीनं थांबवली. आमच्या शाळेत असे दोन जुने संगणक होते. त्यांचे प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नव्हते. भंगारात घालायचे का, असा प्रश्न निघाला. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, आतल्या सगळ्या फाइली दुसरीकडं उतरवून घेतल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला बोलावलं. आता अकरावीत गेलेला तो मुलगा चौथीच्या मुलांना सांगत होता, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि वहीत लिहायचं." मी दारात उभी राहून ऐकत होते.

दोन्ही संगणक चालू आहेत. एकाला जोडलेला प्रिंटर मात्र अजून मुकाच आहे. चौथीची मुलं त्याचा दुभाष्या शोधताहेत.

करून पाहा

घरात जुना, बंद पडलेला संगणक असेल, तर मोठ्यांना सोबत घेऊन, वायर काढून, त्याची बाजूची झडप उघडा. सातही जण ओळखता येतात का पाहा आणि वहीत चित्र काढा. एसएमपीएस उघडू नका, लक्षात आहे ना?

पालकांनो, मुलं असा उद्योग मांडतील, तेव्हा आधी फाइली सुरक्षित ठेवा आणि मग बाजूला खुर्ची टाकून बसा. पडदा काळा राहिला, तर रागावू नका. आमचे आजोबा रागावले असते, तर त्या रात्री रॅमचा तो 'कट्' आवाज आम्हांला ऐकूच आला नसता.