खाजगी पर्यटन-बेटे

जहाजातून सहलीस निघालेल्या प्रवाशांना काही तास उतरविण्यासाठी जहाजकंपन्यांनी विकत किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेली बेटे अथवा किनाऱ्याचे तुकडे. अशी बहुतेक बेटे कॅरिबियन समुद्रात आणि त्याच्या उत्तरेकडील बहामा द्वीपसमूहात आहेत. बहामा हा द्वीपसमूह भौगोलिक दृष्ट्या अटलांटिक महासागरात येतो. तथापि पर्यटन-व्यवसायात त्याचा समावेश कॅरिबियन प्रदेशातच करण्याचा प्रघात आहे. बंदराच्या गावी उतरलेला प्रवासी तेथील बाजारात हिंडतो, भाड्याच्या गाडीतून फिरतो, स्थानिक उपाहारगृहात जेवतो. खाजगी बेटावर मात्र धक्का, पुळण, भोजनगृह, दुकाने आणि सुरक्षाव्यवस्था ही सर्व कंपनीच्या अखत्यारीत असतात. त्यामुळे या बेटांचा विचार करताना निसर्गसौंदर्याबरोबरच किनाऱ्यावर हक्क कोणाचा आणि प्रवाशाने खर्च केलेला पैसा कोठे राहतो, हे प्रश्नही महत्त्वाचे ठरतात.

उगम व विकास : या प्रथेच्या वाढीस भूगोल आणि कायदा अशी दोन कारणे आहेत. फ्लॉरिडातील मायामी व फोर्ट लॉडरडेल या बंदरांतून रात्री निघालेले जहाज सकाळपर्यंत बहामातील बेटांपाशी पोहोचू शकते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८८६ मध्ये केलेल्या कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजांना केवळ अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी-वाहतूक करता येत नाही. सहलीच्या बहुतेक मोठ्या जहाजांची नोंदणी बहामा, पनामा, माल्टा इ. देशांत असल्याने अमेरिकेतून निघून तेथेच परतणाऱ्या सफरीत त्यांना एखाद्या परदेशी बंदराला भेट द्यावी लागते. बहामातील बेटाला भेट दिल्याने ही अट पुरी होते. बेट कंपनीच्या ताब्यात असले, तर वेळापत्रकही तिच्या सोयीने आखता येते.

नॉर्वेजियन कॅरिबियन लाइन या कंपनीने १९७७ मध्ये बहामाच्या बेरी बेटांतील ग्रेट स्टरप के हे बेट घेतले. जहाजकंपनीच्या मालकीचे अशा प्रकारचे हे पहिले बेट समजले जाते. तेथे १८६३ मध्ये बांधलेले दीपगृह आहे. शेजारचे लिटल स्टरप के हे बेट रॉयल कॅरिबियन कंपनीने भाडेपट्ट्याने घेऊन त्याला कोकोके असे नाव दिले. प्रिन्सेस कंपनीने १९९२ मध्ये इल्यूथेरा बेटाच्या दक्षिण टोकाला आपले सहलस्थान उघडले. हॉलंड अमेरिका कंपनीने १९९६ मध्ये लिटल सॅन साल्व्हाडोर हे सु. ९७० हेक्टरांचे बेट ६० लाख डॉलरना विकत घेतले व त्याचे नाव हाफ मून के असे ठेवले. मात्र त्याचा अगदी थोडा भागच तिने बांधकामाखाली आणला. डिझ्नी कंपनीने गोर्डा के हे बेट ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेऊन १९९८ मध्ये ते कॅस्टअवे के या नावाने खुले केले. तत्पूर्वी अशा बेटांवर जहाज दूर नांगरून प्रवाशांना लहान नौकांतून किनाऱ्यावर न्यावे लागे. येथे खोल धक्का बांधल्यामुळे प्रवासी जहाजातून थेट बेटावर उतरू लागले. वादळी हवेत भेट रद्द होण्याचे प्रमाण त्यामुळे घटले.

२०१९ नंतर या बेटांचे स्वरूप पालटले. कोकोकेवर सु. २५ कोटी डॉलर खर्चून उंच जलघसरगुंड्या, मोठे तलाव आणि धक्का बांधण्यात आला. त्याच वर्षी एमएससी कंपनीने ओशन के खुले केले. हे मूळचे कृत्रिम बेट असून तेथे पूर्वी ॲरागोनाइट वाळूचे उत्खनन चाले. कंपनीने तेथील जुने लोखंडी भंगार हलवून वृक्षलागवड केली. कार्निव्हल कंपनीचे ग्रँड बहामा बेटावरील सेलिब्रेशन की हे सु. ६० कोटी डॉलर खर्चाचे स्थान जुलै २०२५ मध्ये सुरू झाले. एके काळी जहाजाच्या प्रवासातील एक थांबा असलेले बेट अशा रीतीने सहलीचे मुख्य आकर्षण बनले आहे.

बेटावरील दिवस : जहाज सामान्यतः सकाळी बेटाला लागते आणि सायंकाळी निघते. पोहणे, पाण्याखालील प्रवाळ व मासे पाहणे, वाळूवर विश्रांती आणि भोजन असा दिवसाचा क्रम असतो. साधे भोजन बहुधा सफरीच्या भाड्यात अंतर्भूत असते आणि त्याची सामग्री जहाजातूनच आणतात. पेये, सावलीची खाजगी खोपटी, जलक्रीडेची साधने व घसरगुंड्या यांसाठी वेगळे शुल्क पडते. ते रोखीने न देता जहाजावरील ओळखपत्राच्या आधारे प्रवाशाच्या खात्यावर मांडले जाते. जहाजावरील सेवकवर्गापैकी काही जण त्या दिवसापुरते बेटावर काम करतात. रात्री बेटावर फक्त देखभालीसाठी नेमलेले कर्मचारी राहतात. मुले व वृद्ध यांना घेऊन प्रवास करणाऱ्या कुटुंबांना ही सुरक्षित व आखीव व्यवस्था सोयीची वाटते आणि या बेटांच्या लोकप्रियतेचे तेच प्रमुख कारण आहे.

लाबादी : हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील हे स्थान वस्तुतः बेट नसून मुख्य भूमीला जोडलेला किनाऱ्याचा तुकडा आहे. रॉयल कॅरिबियन कंपनीने १९८६ पासून ते भाडेपट्ट्याने घेतले असून त्याच्या भोवती कुंपण आहे. दर प्रवाशामागे ठरावीक शुल्क हैती सरकारला मिळते आणि काही स्थानिकांना रोजगार व विक्रीचे परवाने मिळतात. १२ जानेवारी २०१० रोजी झालेल्या भूकंपात राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी कंपनीचे जहाज लाबादीला लागले. हा भाग भूकंपापासून बचावला होता. जहाजातून मदतसामग्री उतरविण्यात आली आणि या भेटीचे उत्पन्न मदतकार्यास देण्याचे कंपनीने जाहीर केले. तरीही ज्या देशात मृतांची गणतीही झाली नव्हती, त्या देशाच्या किनाऱ्यावर सहल करावी काय, यावर जगभर वाद झाला. भेटी थांबविल्यास तेथील लोकांची मजुरीही बुडेल, हा कंपनीचा युक्तिवाद निराधार नव्हता. परंतु कुंपणामुळे पाहुणा आणि यजमान देश यांत केवढे अंतर पडते, हे या प्रसंगाने दिसून आले. पुढे हैतीतील अशांततेमुळे कंपनीला तेथील भेटी वेळोवेळी स्थगित कराव्या लागल्या.

आर्थिक व पर्यावरणीय परिणाम : सु. ४ लक्ष लोकसंख्येच्या बहामाला २०२४ मध्ये १ कोटीहून अधिक पर्यटकांनी भेट दिली आणि त्यांपैकी बहुसंख्य जहाजाने आले. प्रवाशांवरील कर, भाडेपट्ट्याची रक्कम आणि बांधकाम व देखभालीतील रोजगार हे देशाचे प्रत्यक्ष लाभ होत. याउलट नॅसॉच्या बाजारपेठेत होणारा खर्च खाजगी बेटाकडे वळतो, अशी तेथील दुकानदार, गाडीवान व विणलेल्या गवती वस्तूंच्या विक्रेत्या स्त्रिया यांची चिंता आहे. बहामाने २०२४ पासून प्रवासी-करात वाढ करताना केवळ खाजगी बेटाला भेट देणाऱ्यांसाठी कराचा दर अधिक ठेवला, तो याच विचाराने. धक्क्यासाठी समुद्रतळ खणल्याने प्रवाळांची हानी होते. सांडपाणी, कचरा व पुळणीची धूप हेही प्रश्न आहेत. इल्यूथेरा बेटावरील लाइटहाउस पॉइंट येथे डिझ्नी कंपनीचे दुसरे स्थान २०२४ मध्ये सुरू झाले, त्यापूर्वी पर्यावरणवाद्यांनी त्याला विरोध केला होता. सखल बेटांना हरिकेन वादळांचा व समुद्रपातळी वाढण्याचा धोका कायम असतो.

भारत : जहाजकंपनीच्या मालकीचे असे बेट भारतात नाही. लक्षद्वीपमध्ये प्रवेशासाठी परवाना लागतो आणि बाहेरील व्यक्तींना तेथे जमीन घेण्यावर निर्बंध आहेत. बंगाराम हे निर्जन बेट १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना खुले करण्यात आले. मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या सागरी सफरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. त्यांसाठी वापरलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये मायामीहून बहामाच्या छोट्या सफरींसाठी बांधलेले होते. एके काळी कोकोकेला प्रवासी नेणारे हे जहाज अशा रीतीने मराठी प्रवाशांना अरबी समुद्रातील प्रवाळबेटे दाखवू लागले. मात्र ती बेटे वस्तीची असून तेथील प्रवेश शासनाच्या परवानगीवर अवलंबून असतो.

महाराष्ट्रात दिवसभराच्या बेट-सहलीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यातील घारापुरी होय. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सु. १० किमी. अंतरावरील या बेटावर प्रवासी लाँचने जातात व सायंकाळी परततात. येथील लेण्यांचा १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. बेटावर शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर ही गावे आहेत. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या दुतर्फा ग्रामस्थांची दुकाने असून ग्रामपंचायत प्रवाशांकडून कर घेते. प्रवाशांची रोज वर्दळ असूनही या गावांना समुद्राखालील तारेने कायमची वीज २०१८ मध्ये मिळाली. म्हणजे पैसा ग्रामस्थांच्या हाती आला, तरी त्याबरोबर सुविधा आपोआप येतातच असे नाही.

नळदुर्गचे उदाहरण : सार्वजनिक सहलस्थान खाजगी व्यवस्थापनाकडे सोपविण्याचा प्रश्न समुद्रकिनाऱ्यापुरता मर्यादित नाही. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हा किल्ला बोरी नदीने तीन बाजूंनी वेढलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दीत १६१३ मध्ये नदीवर धरण बांधून त्याच्या भिंतीतच पाणीमहाल रचण्यात आला. हे धरण मुख्य किल्ला व समोरील रणमंडळ यांना जोडते. पावसाळ्यात नर व मादी या नावांच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि महालात बसून ते समोरून पाहता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे अधिकारी म्हणून राहिलेल्या मेडोज टेलरने आपल्या आत्मचरित्रात नळदुर्गविषयी लिहिले आहे. किल्ला राज्य-संरक्षित स्मारक असून, ‘महाराष्ट्र वैभव’ या स्मारक-संगोपन योजनेखाली २०१४ मध्ये तो दहा वर्षांसाठी सोलापूर येथील एका खाजगी कंपनीकडे देखभालीस देण्यात आला. साफसफाई, बागा, नौकाविहार व प्रवेशशुल्क ही व्यवस्था त्यातून आली.

नळदुर्ग व कॅरिबियन बेटे यांत मूलभूत फरक आहे. नळदुर्गची मालकी शासनाकडेच राहिली, तेथे कोणीही आपल्या वाहनाने जाऊ शकतो आणि सहलीचे आकर्षण कंपनीने निर्माण केलेले नसून पूर्वजांनी घडविलेले आहे. तरीही दोन्हीकडे करारातील कलमेच निर्णायक ठरतात. मुदत किती, शुल्क कोणी ठरवावे, स्थानिकांना रोजगार व विक्रीची जागा किती, मूळ वास्तूस वा निसर्गास बाध येऊ न देण्याची जबाबदारी कोणाची आणि मुदत संपल्यावर स्थान कोणत्या स्थितीत परत द्यावयाचे, हे आधी स्पष्ट असेल, तर खाजगी भांडवलाने उपेक्षित स्थळाचा उद्धार होऊ शकतो. ते स्पष्ट नसेल, तर स्थळ सुशोभित होऊनही परिसरातील लोक त्याच्या प्रवेशद्वाराबाहेरच राहण्याचा संभव असतो.