ऑपरेशनासाठी चंदा जमतो, गोळीसाठी कोण देणार?

मागच्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गातील एक मुलगी तीन आठवडे शाळेत आली नाही. चौकशीसाठी आम्ही तिच्या घरी गेलो. तिची अम्मी अंथरुणावर होती. लकव्याने उजवा हात आणि पाय गेले होते. वय अवघे बेचाळीस. मुलगी स्वयंपाक करत होती आणि अधूनमधून अम्मीला कूस बदलून देत होती.

बोलता बोलता कळले की त्यांना चार वर्षांपासून रक्तदाब होता. डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली होती. पण दहा गोळ्यांची पट्टी त्या वीस दिवस पुरवायच्या. महिनाअखेरीस तर तीही आणत नसत. "डोकं दुखत नव्हतं, मग उगाच पैसे कशाला घालवायचे?" तिचे अब्बा टेम्पो चालवतात. त्यांना यातले काहीच माहीत नव्हते.

खासगी दवाखान्याचे बिल आले तेव्हा मोहल्ला धावून आला. जुम्म्याच्या नमाजनंतर चादर पसरली गेली. कुणी शंभर दिले, कुणी पाच हजार. तरीही अम्मीचे दागिने गेले. शिधापत्रिका कपाटातच राहिली. ती दवाखान्यात दाखवायची असते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

घरी परतताना एकच गोष्ट मनाला लागून राहिली. मोठ्या बिलासाठी आठवड्यात लाखभर रुपये गोळा करणारा आपला समाज महिन्याच्या गोळ्यांसाठी कधी विचारतही नाही. आणि गोळ्या मागायला येणार तरी कोण? त्यात लाज वाटते.

हे एकाच घराचे दुखणे नाही. २०१७-१८ मध्ये केंद्र सरकारने देशभर केलेल्या नमुना पाहणीत असे दिसले की रुग्णालयात दाखल झाल्यावर एका वेळचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये होता. कोणत्याही विम्याचे वा योजनेचे संरक्षण खेड्यांत फक्त १४ टक्के आणि शहरांत १९ टक्के लोकांना होते. देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट समाधानाची आहे. पण खिशातून जाणाऱ्या या पैशात मोठा हिस्सा औषधांचा असतो, आणि बहुतेक विमे फक्त दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च देतात. दर महिन्याच्या औषधाच्या चिठ्ठीचे ओझे घरावरच राहते.

पैसे द्यावे लागले की माणूस काय सोडतो? या प्रश्नावर अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत मिळाले, काहींना खर्चाचा भाग स्वतः उचलावा लागला. पैसे देणाऱ्यांनी दवाखान्यात जाणे कमी केले. पण त्यांनी फक्त अनावश्यक उपचार टाळले असे झाले नाही. आवश्यक उपचारही जवळजवळ तितक्याच प्रमाणात सुटले. बहुतेकांच्या तब्येतीवर फारसा परिणाम दिसला नाही, मात्र गरीब आणि रक्तदाब असलेल्या लोकांचे नुकसान झाले. मोफत उपचार मिळालेल्यांचा रक्तदाब अधिक काबूत राहिला. आमच्या विद्यार्थिनीच्या अम्मीने जे केले, तेच हजारो मैलांवरच्या गरिबांनी केले होते. ज्या आजाराला वेदना नाही, त्याचा खर्च आधी कापला जातो.

आणि घरात कुणाचा खर्च आधी कापला जातो? बाईचा. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, पण यापूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. आपल्या घरांतले चित्र फार वेगळे असेल असे आम्हाला वाटत नाही. मुलांचा ताप आणि शोहरची खोकल्याची बाटली झाल्यावर अम्मीच्या गोळ्यांचा नंबर येतो.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे तिशीनंतर घरातल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम २०१७ मध्ये ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र आहे. सरकारी केंद्रातूनच महिनाभराच्या गोळ्या मोफत मिळाव्यात, हा त्यामागचा विचार. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत.

केंद्रात गोळ्या नसतील तर जनऔषधी दुकानात जा. तिथे तेच औषध कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने आणि बरेच स्वस्त मिळते. स्वस्त आहे म्हणून असर कमी, ही समजूत चुकीची आहे. बदल करताना मात्र डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला चिठ्ठी दाखवा.

दाखल व्हायची वेळ आलीच, तर शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. ही खैरात नाही, हक्क आहे.

डॉक्टरांशी बोलायला शिका. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशिक्षित माणसांना रुग्ण बनवून दवाखान्यांत पाठवले होते. मध्य प्रदेशातील खेड्यांत एका रुग्णाला सरासरी चार मिनिटांहून कमी वेळ मिळाला आणि अचूक निदान क्वचितच झाले. म्हणून सुई आणि सलाईनचा हट्ट धरण्याऐवजी तीन गोष्टी विचारा: मला काय झाले आहे? ही गोळी किती दिवस घ्यायची? बंद केली तर काय होईल? रमजान येण्याआधी चौथी गोष्ट विचारा: गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारनंतर? रोजा आहे म्हणून परस्पर औषध बंद करू नका.

शेवटी जमातीच्या जबाबदार मंडळींना एक विनंती. बैतुलमालमधून दवाखान्याची बिले जरूर भरा. पण त्यातला छोटा वाटा महिन्याच्या औषधांसाठी बाजूला काढता येईल का? पैसे कुणाला आणि कसे द्यायचे, हे आपल्या उलमांना विचारून ठरवा. मदत मागायला लावू नका. नावे गुप्त ठेवून औषधे घरी पोहोचवा. ज्या बाईने वीस दिवस पट्टी पुरवली, ती दारात येऊन हात पसरणार नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर ती रोज अम्मीच्या गोळीची खूण करते. अम्मी भिंतीला धरून चार पावले चालते. मागच्या महिन्यात आम्ही गेलो, तेव्हा दिनदर्शिकेवर खुणांची दुसरी रांग दिसली. आम्ही विचारले, ही कुणाची?

"अब्बांची," ती म्हणाली. "त्यांनाही निघाला."