नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला जाताना



आपल्या शाळेतून दहावी होऊन पुढे नर्सिंगला गेलेल्या काही माजी विद्यार्थिनी यंदाच्या स्नेहसंमेलनाला आल्या होत्या. बोलता बोलता एकीने सांगितले, "शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला उत्तर येत होते. पण प्रश्न इंग्रजीत आला आणि माझ्या तोंडून एक वाक्य फुटेना." त्या वेळी ती प्रात्यक्षिकात नापास झाली. पुढच्या परीक्षेला पुन्हा बसली, पास झाली, आणि आज ती बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. पण मधले महिने घरात फार जड गेले, असे ती म्हणाली.

आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी माध्यमाच्या बऱ्याच मुली आणि आता काही मुलेही या वाटेने जातात. म्हणून या परीक्षेची तयारी कशी करावी, हे त्या सर्व जणींना विचारून आम्ही येथे मांडत आहोत. आज आठवीत-नववीत असणाऱ्यांनाही ते वाचून ठेवता येईल.

परीक्षा कशाची?

बारावीनंतर नर्सिंगच्या दोन मुख्य वाटा आहेत. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका आणि बीएससी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. दोन्हींमध्ये लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन बाजू वेगवेगळ्या धरतात आणि प्रत्येकीत किमान ५० टक्के गुण लागतात. लेखीत ७० मिळाले म्हणून प्रात्यक्षिकातली उणीव भरून निघत नाही. हजेरीचा नियमही कडक आहे. वर्गातील तासांना ८० टक्के हजेरी लागते, आणि वॉर्डातील कामाचे ठरलेले तास मात्र पूर्ण शंभर टक्के भरावे लागतात.

पास झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवायचे असते. ही नोंदणी झाल्यावरच 'रजिस्टर्ड नर्स' म्हणून काम करता येते. त्यामुळे या परीक्षेत परीक्षक अनेक प्रकारे एकच गोष्ट तपासत असतात : या मुलीच्या हाती पेशंट सोपवला, तर तो सुरक्षित राहील का? हे एकदा ध्यानात आले की अभ्यास कसा करायचा हेही आपोआप कळते.

लेखी पेपर

जीएनएमचा पेपर साधारणपणे ७५ गुणांचा आणि तीन तासांचा असतो. म्हणजे एका गुणाला जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटे मिळतात. दहा गुणांच्या प्रश्नाला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिला, तर शेवटचे प्रश्न सुटतात. आमच्या माजी विद्यार्थिनींचा अनुभव असा की मागील पाच वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवल्याशिवाय हा वेळ हातात बसत नाही.

बहुतेक जणी व्याख्या, कारणे आणि लक्षणे पानभर लिहितात आणि शेवटी 'नर्सिंग केअर' चार ओळींत उरकतात. वास्तविक नर्सच्या परीक्षेत तोच भाग सर्वांत महत्त्वाचा. पेशंटची पाहणी, त्याची नेमकी अडचण, काय करायचे ठरवले, काय केले आणि त्याचा उपयोग झाला का, अशा पाच पायऱ्यांनी उत्तर लिहावे. आकृती पेन्सिलीने काढून नावे द्यावीत.

'प्रथम काय कराल?' हा प्रश्न ठरलेला असतो. समजा, वार पडून गेल्यावर बाळंतिणीला एकदम जास्त रक्तस्राव सुरू झाला. पाठांतर केलेली मुलगी औषधांची यादी सांगू लागते. समजून घेतलेली मुलगी म्हणते, "मी तिला एकटीला सोडणार नाही. मदतीसाठी हाक मारीन आणि लगेच पोटावरून गर्भाशय चोळून ते घट्ट होते का पाहीन." त्यानंतर नाडी आणि रक्तदाब, सलाईन, सांगितलेले औषध, आणि मूत्राशय भरले असेल तर रिकामे करणे. मूत्राशय भरलेले असले की गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही आणि रक्त थांबत नाही. हे कारण माहीत असेल तर क्रम पाठ करावा लागत नाही.

शाळेतले गणित येथे उपयोगी पडते

नववीतल्या मुलांनो, त्रैराशिक कशाला शिकायचे असे तुम्ही विचारता ना? हे पाहा.

डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅम औषध लिहिले आहे. कुपीवर '२ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम' असे छापले आहे. सिरिंजमध्ये किती घ्यायचे? ७५ भागिले १००, गुणिले २, म्हणजे दीड मिलिलिटर.

दुसरे उदाहरण. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे. नळी अशी आहे की २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. एकूण थेंब झाले १०,००० आणि मिनिटे २४०. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. घड्याळ हातात धरून थेंब मोजायचे आणि नळीचे चाक फिरवून वेग बसवायचा.

दशांश चिन्हाची चूक वहीत अर्धा गुण घालवते, वॉर्डात ती दहापट औषध देते. म्हणून अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधीचे शून्य कधी गाळायचे नाही, '०.५' असेच लिहायचे. आणि पाच मिलिग्रॅमला '५.०' असे कधी लिहायचे नाही, कारण ते घाईत ५० वाचले जाते. रोज अशी पाच गणिते महिनाभर केली की परीक्षेत भीती राहत नाही.

प्रात्यक्षिक आणि तोंडी

प्रात्यक्षिकाला शाळेबाहेरचे परीक्षकही असतात. एखादा पेशंट नेमून देतात, केअर प्लॅन लिहायला सांगतात, एखादी कृती करून दाखवायला लावतात आणि प्रश्न विचारतात.

येथे गुण जातात ते अवघड गोष्टींत नव्हे, तर सोप्या गोष्टींत. हात धुतले नाहीत. पेशंटचे नाव विचारून केसपेपरशी ताडून पाहिले नाही. काय करणार आहोत ते त्याला सांगितले नाही, पडदा ओढला नाही. ट्रेमध्ये एक वस्तू राहिली आणि मध्येच धावावे लागले. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावले. ती तशीच पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात टाकायची असते. कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांत ठरलेले आहेत : रक्ताने भिजलेले ड्रेसिंग आणि वार पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. हे सर्व रोज वॉर्डात केले असेल तर परीक्षेच्या दिवशी हात आपोआप चालतात. म्हणून वॉर्ड ड्युटी 'भरून काढायची' नसते. तीच खरी तयारी असते.

घरी सराव करायचा असेल तर दोघींनी बसावे. एकीने पेशंट व्हावे, दुसरीने कृती करावी आणि करताना प्रत्येक पायरी मोठ्याने बोलावी. छातीवर दाब देण्याचा सराव मात्र घरच्या माणसावर करू नये, तो कॉलेजमधील पुतळ्यावरच करावा. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटीमीटर, तीस दाबांनंतर दोन श्वास. आकडे पाठ असले तरी तो वेग हाताला बसायला सराव लागतो. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते आहे हे दाखवणारा आलेख, निदान दहा वेळा स्वतः भरून पाहावा. बाळाच्या लसींचे वेळापत्रक घरातल्या एखाद्या तान्ह्या बाळाच्या कार्डावरूनच शिकावे : जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब ची लस, मग ६, १० आणि १४ आठवडे, मग ९ महिने. असे शिकलेले विसरत नाही.

तीन भाषांचा प्रश्न

आपल्या मुलींची खरी अडचण येथे आहे. पुस्तक इंग्रजी, विचार मराठीत, आणि पेशंट कधी कन्नड बोलणारा तर कधी मराठी. ही अडचण बुद्धीची नाही, सवयीची आहे, हे मुलींनी आणि पालकांनी मनात पक्के धरावे.

यावर आमच्या माजी विद्यार्थिनींनी एक साधा उपाय सांगितला. विषय आधी मराठीत समजून घ्यायचा. मग तोच आपल्या साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, रोज पंधरा मिनिटे मोठ्याने बोलायचा. डोळ्यांनी वाचलेले इंग्रजी तोंडी परीक्षेत कामाला येत नाही, बोललेले येते. प्रश्न समजला नाही तर "कृपया पुन्हा विचारा" असे म्हणण्यात कमीपणा नाही. अंदाजाने उत्तर ठोकून देण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. नर्सकडून अपेक्षाही तीच असते.

आणि कन्नड? 'नोवु एल्लि इदे?' म्हणजे 'दुखतंय कुठे?' आणि 'हेदरबेडि' म्हणजे 'घाबरू नका'. अशी पन्नास वाक्ये वहीत लिहून ठेवावीत. आपल्याला आपल्या भाषेचा अभिमान आहेच. पण वेदनेत असलेल्या माणसाला त्याच्या भाषेत दोन शब्द ऐकायला मिळाले की तो अर्धा निवांत होतो, आणि परीक्षकांच्याही ते लक्षात येते.

पालकांना आणि विश्वस्तांना

पालकहो, रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळी झोपू द्या. त्या वेळी तिला स्वयंपाकाला किंवा पाहुण्यांच्या सरबराईला उठवू नका. परीक्षेआधीच्या महिन्यात लग्नकार्ये आणि 'पाहण्याचे' कार्यक्रम ठरवू नका. आणि एखाद्या विषयात राहिली, तर पुन्हा बसता येते, हे तुम्हीच तिला सांगा. ज्या मुलीचा किस्सा आम्ही सुरुवातीला सांगितला, तिचे वडील निकालाच्या दिवशी एवढेच म्हणाले होते, "पुढच्या वेळी बघू. तू जेवून घे." त्या एका वाक्यावर आपण पुन्हा उभ्या राहिलो, असे तिने सांगितले.

विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे. परीक्षेच्या आधीचे दोन महिने शाळेच्या वाचनालयाची खोली संध्याकाळी माजी विद्यार्थिनींसाठी उघडी ठेवावी. मोठ्या मुलींची वापरलेली पुस्तके तेथे जमा व्हावीत. आणि आठवी ते दहावीला आठवड्यातून एक तास केवळ इंग्रजी बोलण्याचा असावा. खर्च फार नाही, पण जी मुलगी उत्तर येत असूनही गप्प राहिली, तिच्यासारखी दुसरी गप्प राहू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

यंदा परीक्षेला बसणाऱ्या आपल्या सर्व मुला-मुलींना शाळेच्या वतीने मनःपूर्वक शुभेच्छा. निकाल लागला की पेढे घेऊन शाळेत जरूर या. आणि येताना तुमची पुस्तके घेऊन या.